अबेके आजीच्या मांडवातला पास्टर

गर्दी जमवायची असेल तर नायजेरियातल्या या इबादान शहरात एकच माणूस आहे आणि तो मी. हे मी स्वतः सांगतोय म्हणून खोटं समजू नका. आमच्या मोकोला वस्तीत कुणालाही विचारा, लाडिपो कोण? लोक आधी हसतील, मग सांगतील.

सिनेमाच्या धंद्यात माझं पद प्रॉडक्शन मॅनेजरचं. म्हणजे जनरेटरमध्ये तेल मी घालायचं, नटांना भात मी आणायचा, पोलीस आले तर त्यांना मामा, काका करून मी परत पाठवायचं, आणि खलनायक ऐन वेळी पळून गेला तर त्याचे कपडे घालून मीच उभं राहायचं. रेमी आंटीच्या सिनेमात खलनायक पळून गेलाच होता. सकाळच्या नाश्त्याला उकडलेलं रताळं बघून गेला तो गेलाच.

रेमी आंटीबद्दल आधी सांगायला हवं. शाळेत शिवण शिकवणारी बाई, पण डोक्यात चोवीस तास सिनेमा. तिनं आधी दोन सिनेमे सुरू केले होते. पहिल्याचा नायक लग्न करून लंडनला गेला. दुसऱ्याच्या वेळी कॅमेऱ्याचा मालक भर शूटिंगमध्ये आला आणि कॅमेरा काखोटीला मारून चालता झाला. तेव्हापासून गल्लीनं तिचं नावच ठेवलं, ‘भाग एक’. बाजारात ती दिसली की टमाटे विकणाऱ्या बायकासुद्धा विचारायच्या, “भाग एक आंटी, भाग दोन कधी?” ती हसून पुढे जायची. पण एकदा माझ्याजवळ म्हणाली होती, “लाडिपो, मरायच्या आधी एक तरी सिनेमा शेवटपर्यंत न्यायचाय मला. चांगला नाही झाला तरी चालेल. पुरा झाला पाहिजे.” ती हे इतकं साधेपणानं म्हणाली, की मला उलट काही विनोद सुचेना. आणि मला विनोद सुचत नाही असं सहसा होत नाही.

तर हा तिसरा सिनेमा. गोष्ट झकास होती. मोटारतळावर पाव विकणारा एक पोरगा गात गात देवाचं नाव घेतो, लोक थांबून ऐकू लागतात, पोरगा पास्टर होतो, आणि शेवटी अशी दणदणीत प्रार्थनासभा भरते की मैदानात मुंगीला शिरायला जागा नाही. त्या सभेत तो स्वतःच्या बहिणीला लुबाडणाऱ्या एका माणसाकडे बोट दाखवतो, तो माणूस रडत उठतो आणि सगळ्यांसमोर कबुली देतो. सगळं चित्रीकरण झालं होतं, फक्त ही सभा उरली होती. आणि शूटिंगचा तो शेवटचा दिवस, कॅमेरा संध्याकाळी परत करायचा होता, कारण दुसऱ्या दिवशी त्याला लग्न होतं. म्हणजे कॅमेऱ्याला.

पास्टरचं काम मोयो करत होता. मोयो आमच्या गल्लीतला न्हावी. बोलताना अडखळायचा. साधं ‘बसा’ म्हणेपर्यंत गिऱ्हाईक आपणहून बसून मोकळं व्हायचं. पण गायला लागला की अडखळणं कुठच्या कुठे! आणि गंमत म्हणजे पाठ केलेले संवादसुद्धा तो गाण्यासारखे धडाधड म्हणायचा. स्वतःचं काही बोलायचं असलं की मात्र गाडी चिखलात रुतायची. त्याला नायक घेतला तेव्हा सगळे हसले होते, मीसुद्धा. आंटी म्हणाली, “आवाज ऐका आधी.” ऐकला, आणि गप्प बसलो.

आता प्रश्न गर्दीचा. एका चर्चच्या गायकवृंदाला विचारलं, तर त्यांना बस हवी, जेवण हवं, शिवाय पुढच्या रांगेत उभं राहायचं होतं. आंटीनं डोक्याला हात लावला. मी म्हणालो, “आंटी, गर्दी माझ्यावर सोडा.”

कारण मला आदल्याच दिवशी अबेके आजीचा मांडव दिसला होता.

अबेके आजी पणतवंडं बघून गेली. असं पिकलं पान गळलं की आमच्याकडे कुणी रडत बसत नाही. रस्ता अडवून मांडव पडतात, वाजंत्री येते, मोठमोठ्या हंड्यांत भात शिजतो आणि झाडून सगळे नातेवाईक एकाच कापडाचे कपडे शिवून नाचायला येतात. म्हणजे नटूनथटून आलेली, गाण्याला टाळ्या देणारी, भरपेट जेवणार असलेली फुकटची गर्दी! मी आजीच्या मुलीकडे गेलो. तिला सगळे दायोची आई म्हणतात. बाजारातल्या कापडवाल्या बायकांची ती मुख्य. तिच्यासमोर भलेभले पुरुष टोपी काढून बोलतात.

मी खोटं काही बोललो नाही. एवढंच म्हणालो, की आमचे ब्रदर मोयो आजीच्या आत्म्यासाठी दोन गाणी म्हणतील, सेवा म्हणून, आणि आम्ही जरा व्हिडिओ घेऊ. मयताच्या जेवणाला व्हिडिओवाले असतातच, तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ब्रदर कुठल्या चर्चचे पास्टर, असं तिनं विचारलं तेव्हा नेमका मला खोकला आला. खोकला चांगला लांबला. तिनं पाणी दिलं आणि प्रश्न विसरली.

जाताना तिनं एक बजावलं. तिचा धाकटा भाऊ अलाबी रस्त्यापलीकडे, समोरच्या दुसऱ्या मांडवात बसणार होता. दोघांचं बोलणं बंद होतं. आईच्या घरातली कोपऱ्यावरची खोली त्यानं स्वतःच्या नावावर करून घेतल्यापासून ती त्या घराची पायरी चढली नव्हती. आईला भेटायची ती बाजारात, दुसऱ्याच्या दुकानात बसून. “व्हिडिओत मी आणि तो एकत्र दिसता कामा नये,” असं तिनं सांगितलं. मी मान डोलावली. मला काय, गर्दी मिळाली.

ही हकिकत आंटीला सांगितली तेव्हा मी दबकत विचारलं, की आपल्या गोष्टीतला खलनायकपण बहिणीचं घर खातो, लोकांना ते टोचून बोलल्यासारखं नाही वाटणार? आंटी म्हणाली, “इबादानमध्ये असा भाऊ नसलेलं एक घर दाखव, मी गोष्ट बदलते.” मी विचार केला आणि विषय सोडला.

दुपारी आम्ही पोचलो. मी, आंटी, कॅमेरावाला जिदे आणि पांढऱ्या सुटातला मोयो. सूट एका नवरदेवाचा होता, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. मी खलनायकाच्या वेशात, डोक्यावर निळी टोपी. संवादात तसं लिहिलंच होतं, ‘निळ्या टोपीचा माणूस’. मांडवात पाऊल टाकलं आणि आंटी जागच्या जागी थांबली.

“लाडिपो,” ती हळूच म्हणाली, “तुला डोळे आहेत ना रे?”

मी बघितलं. घराण्यानं मयतासाठी निवडलेलं कापड निळं होतं. बायकांचे डोक्याचे फडके निळे, झगे निळे आणि झाडून सगळ्या पुरुषांच्या डोक्यावर निळी टोपी. माझ्याच टोपीचा निळा. मी म्हणालो, आंटी, रंगात काय आहे, गर्दी बघा. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी जनरेटर बघायला निघून गेलो.

सुरुवात मात्र अशी झाली की मी स्वतःवरच खूश झालो. मोयोनं पहिलं गाणं धरलं आणि मांडव उठून उभा राहिला. म्हाताऱ्या बायका कमरेवर हात ठेवून नाचत पुढे आल्या. आमच्याकडे गाणाऱ्यावर जीव जडला की लोक त्याच्या कपाळावर नोटा चिकटवतात. इथे घामानं भिजलेल्या मोयोच्या कपाळावर नोटांची रांग लागली. आता सिनेमातला पास्टर पैशाला हात लावत नाही, हा तर गोष्टीचा कणा! आंटी लांबून खुणा करत होती, काढ, काढ. हात लावायचा नाही म्हणून मोयो बिचारा मान झटकत होता आणि गात होता. लोकांना वाटलं अंगात आलंय. त्यांनी आणखी चिकटवल्या.

दुसरं गाणं संपता संपता मोटरसायकलवरून घरातला एक भाचा निरोप घेऊन आला. प्रवचनाला बोलावलेले रेव्हरंड लेगॉसच्या रस्त्यावर अडकले होते. ट्रक उलटला होता, कधी येतील सांगता येत नव्हतं. आणि आमच्याकडे प्रवचन होऊन अन्नावर प्रार्थना झाल्याशिवाय ताटात भात पडत नाही. हंड्यांची झाकणं बंद, वास मात्र मोकळा. पाहुण्यांची चुळबुळ सुरू झाली. सगळा बाजार जेवायला आलेला, आणि आईच्या शेवटच्या कार्यात प्रवचनाला माणूस नाही! दायोच्या आईचा चेहरा मी पाहिला. एवढी खमकी बाई, पण तो दर मोटारीच्या आवाजाला रस्त्याकडे वळत होता. मग तिची नजर पांढऱ्या सुटावर गेली.

ती मोयोसमोर आली, गुडघे टेकले आणि म्हणाली, “पास्टर, माझ्या आईसाठी दोन शब्द बोला.”

मोयोनं तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं की मी पास्टर नाही, न्हावी आहे. पण ते त्याचे स्वतःचे शब्द होते ना! “म... म... म...” एवढंच निघालं. लोकांना वाटलं, भरून आलंय. पुढच्या रांगेतली एक म्हातारी डोळे पुसायला लागली.

मोयोनं माझ्याकडे बघितलं. मी आंटीकडे बघितलं. तिला कळत होतं की हे चुकतंय. आणि हेही कळत होतं की ऊन उतरतंय, कॅमेरा जायचाय आणि अशी गर्दी जन्मात पुन्हा मिळणार नाही. तिनं डोळे मिटले, उघडले आणि मोयोला म्हणाली, “शेवटचा प्रसंग म्हण.” जिदेनं बटण दाबलं.

मोयो ताठ उभा राहिला. पाठ केलेलं होतं, त्यामुळे आवाज घंटेसारखा लागला. “आज आपण एका आईसाठी जमलोय. जिनं स्वतः उपाशी राहून भाकरीचे सारखे तुकडे केले. आणि या मांडवात एक माणूस बसलाय, ज्यानं आपला तुकडा तर खाल्लाच, बहिणीचाही गिळला. मला तो इथून दिसतोय. त्याच्या डोक्यावर निळी टोपी आहे.”

मांडवातल्या सगळ्या पुरुषांचे हात एकदम आपापल्या टोपीवर गेले.

“निळ्या टोपीच्या माणसा, तुला वाटतं आई गेली, आता कोण बघतंय. ऊठ, भावा. आई बघते आहे.”

आता मी उठायचं होतं. रडत, छाती पिटत. आठवडाभर आरशासमोर सराव केला होता. मी उठणार, तेवढ्यात तिसऱ्या रांगेत एक जाडजूड गृहस्थ उभे राहिले. घळाघळा रडत त्यांनी सांगितलं, की थोरल्या बहिणीचं शिलाई मशीन चोरीला गेलं नव्हतं, ते त्यांच्या बायकोच्या माहेरी आहे. बहीण पलीकडेच बसली होती. तिनं चप्पल काढली. एवढ्यात दुसरा उठला. मग मागून तिसरा! त्यानं कोकोच्या बागेचं काही सांगितलं, पण गलक्यात नीट ऐकू आलं नाही. बाकीच्यांची वेगळीच धांदल. कुणी हळूच टोपी काढून खिशात कोंबत होता, कुणी टोपीवरच बसला होता. आणि बायका, देवाशप्पथ सांगतो, आपापल्या नवऱ्यांच्या टोप्या शोधून पुन्हा डोक्यावर बसवत होत्या. “घाल ती. पास्टर बोलतायत ना?” मीही एकदा उठायचा प्रयत्न केला. शेजारच्या आजोबांनी माझा हात धरून खाली बसवलं. म्हणाले, “पोरा, तू आमच्या घरातला नाहीस. तुझी पाळी नंतर.”

मोयो घाबरला होता. पण त्याला एवढंच येत होतं, म्हणून तो तेच वाक्य पुन्हा म्हणत होता. “ऊठ, भावा. आई बघते आहे.” दर वेळी कुणीतरी उठत होतं.

शेवटी समोरच्या मांडवात अलाबी उठला.

अलाबीनं टोपी हातात घेतली आणि रस्ता ओलांडून या मांडवात आला. बहिणीसमोर उभा राहिला. खूप वेळ टोपीची शिवण चाचपत राहिला.

“कोपऱ्यावरची खोली आईनं तुला दिली होती,” तो म्हणाला. “माझ्या एकट्यासमोर म्हणाली होती. दुसरं कुणी ऐकलं नव्हतं. म्हणून मी ते ऐकलंच नाही असं केलं.”

मला वाटलं आता दायोच्या आईचीही चप्पल निघणार.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस, ताई?”

“तू बोलशील म्हणून थांबले होते. आईपण थांबली होती. तिला जास्त थांबता आलं नाही.”

अलाबी तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. ती त्याच्याजवळ बसली. तिनं त्याला कुशीत वगैरे घेतलं नाही. फक्त त्याच्या हातातली टोपी घेतली, झटकली आणि त्याच्या डोक्यावर नीट बसवली. मी खलनायक असूनसुद्धा माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. जिदे कॅमेऱ्यामागे हुंदके देत होता, पण त्याचा हात हलला नाही. त्या पोराचं मला फार कौतुक वाटलं.

आणि नेमके त्याच क्षणी खरे रेव्हरंड आले. धुळीनं माखलेले, हातात बायबल. मांडवात अर्धे लोक रडतायत, काही मारामारी करतायत आणि नवरदेवाच्या सुटातला एक मुलगा कपाळाला नोटा चिकटवून उभा आहे, हे पाहून त्यांनी विचारायचं तेच विचारलं. हे तरुण पास्टर कुठल्या चर्चचे?

मला पुन्हा खोकला आला. पण या वेळी मोयोनं माझ्या खोकल्याची वाट पाहिली नाही. तो दायोच्या आईसमोर गेला आणि आमच्या रीतीप्रमाणे पांढऱ्या सुटासकट मातीत पालथा पडला. पालथ्यानंच बोलायला लागला. “मी... मी प... प...” एकेक शब्द खडकातून पाणी काढावं तसा येत होता. एवढा मोठा मांडव, पण कुणी त्याचं वाक्य पुरं करून दिलं नाही, कुणी हसलं नाही. शेवटी ते निघालं. “मी पास्टर नाही. न्हावी आहे. हा सिनेमा होता. मला माफ करा.” त्या दिवशी त्यानं बरंच काही सुंदर म्हटलं होतं, गायलं होतं. पण माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हे एवढंच.

रेव्हरंड संतापले. देवाची आणि मृत बाईची थट्टा केलीत, ती टेप जाळून टाका, म्हणाले. घरातली तरणी पोरं जिदेकडे सरकली. जिदेनं कॅमेरा पोटाशी धरला. आंटीनं पुढे होऊन टेप स्वतःच्या हातानं बाहेर काढली आणि दायोच्या आईसमोर धरली. संपलं, मी मनात म्हणालो, तिसराही भाग एक.

दायोच्या आईनं टेप हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“हे सगळं यात आहे? अलाबीनं जे सांगितलं तेपण?”

“हो,” आंटी म्हणाली.

“आणि सिनेमा झाला की गावभर दिसेल?”

“हो.”

दायोच्या आईनं भावाकडे बघितलं. अलाबी हवालदिल. तिच्या तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदाच हसू फुटलं. टेप आंटीच्या हातात परत ठेवून ती रेव्हरंडांकडे वळली आणि अतिशय अदबीनं म्हणाली, “रेव्हरंड, लांबून आलात. बसा, अन्नावर प्रार्थना करा, पोटभर जेवा. प्रवचन झालं.”

तर असा तो सिनेमा झाला. आंटीनं गोष्ट बदलली, कारण एका खलनायकाच्या जागी आता डझनभर झाले होते आणि सगळे माझ्यापेक्षा चांगले रडले होते. माझं काम कापलं गेलं. नीट पाहिलंत तर एके ठिकाणी मी दिसतो, अर्धवट उठलेला, तोंड उघडं, आणि एक म्हातारा हात मला खाली ओढतोय.

पहिला खेळ शाळेच्या सभागृहात लावला. सगळं मोकोला लोटलं. आजीचं अख्खं घराणं आलं, त्याच निळ्या कपड्यांत. दायोची आई आणि अलाबी एका बाकावर. मोयो पडद्यावर गायला लागला तेव्हा लोक खुर्च्यांवर चढले, आणि खरा मोयो मागच्या भिंतीला टेकून पायांकडे बघत होता. तेव्हापासून त्याच्या दुकानासमोर रांग असते. त्यातल्या बऱ्याच जणांना केस कापायचे नसतात. ते नुसते आपली पापं सांगायला बसतात आणि तो बिचारा कात्री धरून ऐकतो.

सिनेमा शेवटाला आला. शेवटचं चित्र गेलं, पडदा पांढरा झाला. कुणीही उठेना.

मला आधी वाटलं भारावलेत. मग लक्षात आलं. आमच्याकडचा कुठलाही सिनेमा संपला की पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतं, ‘सारं श्रेय देवाला’. ते आलं नाही तर येतं, ‘दुसरा भाग पाहायला विसरू नका’. दोन्हींपैकी एक वाचल्याशिवाय माणूस खुर्ची सोडत नाही. ती पाटी करायचं काम अर्थातच माझं. पण आंटीच्या सिनेमात आम्ही त्या जागेपर्यंत आजवर कधी पोचलोच नव्हतो. शेवटी पाटी लागते हे मला कसं सुचावं?

लोक बसून राहिले. चुळबुळ, कुजबुज. मग मागून एक आवाज आलाच. “भाग एक आंटी, भाग दोन कधी?”

सभागृह हसलं. मी खुर्चीत जेवढं खाली सरकता येईल तेवढं सरकलो.

आंटी उठली. मधल्या वाटेनं चालत पुढे गेली आणि पांढऱ्या पडद्यासमोर, दिव्याच्या झोतात उभी राहिली. डोक्याचा फडका सरळ केला.

“भाग दोन नाही,” ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. “भाग दोन नाही. सारं श्रेय देवाला. सिनेमा संपला. पुरा झाला. आता घरी जा.”

घरी कुणी गेलं नाही. टाळ्या इतक्या वाजल्या की वॉचमनला वाटलं छपराचे पत्रे उडाले.

पुढे सिनेमाच्या कॅसेट काढून विकणारा म्हणाला, शेवटाला काहीतरी हवं. पाटी लिहायला मी तयार होतो, पण आंटी म्हणाली, तुझ्यावर भरवसा नाही, तेच पुन्हा चित्रित करू. म्हणून आता प्रत्येक कॅसेटच्या शेवटी रेमी आंटी येते, फडका सरळ करते आणि सांगते, सिनेमा संपला, आता घरी जा. लोक आपापल्या घरातच बसून बघत असतात. पण माझ्या बायकोचा आतेभाऊ, गेल्या रविवारी आमच्याकडे बघायला आला होता, तो मात्र मुकाट्यानं उठला आणि जेवायला न थांबता घरी गेला.